सातव्या पेरापाशी

१

रूपाच्या पिशवीतून पावडरीचा डबा निघाला तेव्हा मी सुगनबाईंच्या खोलीत ड्रेसिंगची तयारी करत होते. हॉलमध्ये आवाज चढला, म्हणून एकाच हातात हातमोजा घालून तशीच बाहेर आले. टीपॉयवर डबा होता. झाकणावर मार्करने लिहिलेली तारीख माझ्याच अक्षरातली होती. आत तळाशी बोटभर पावडर चिकटून बसली होती.

"आता बोला सिस्टर," सुगनबाईंच्या सूनबाई चेलनाताई म्हणाल्या. "बाई तुमच्या ओळखीची."

रूपा भिंतीला टेकून खाली बघत होती. सुगनबाईंना सांभाळायला तिला मीच आणलं होतं. नवरा सुरतेला गेला तो गेलाच, पदरात मयुरी नावाची एक मुलगी. माहेर शिरपूरकडचं, सासर नशिराबादचं. तीन महिन्यांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिची गालफडं बसलेली होती. आता गाल भरले होते आणि हातातल्या बांगड्या घट्ट झाल्या होत्या. हे मलाही दिसत होतं.

"रिकामा डबा घरी डाळ-साखर ठेवायला सगळेच नेतात," मी म्हणाले. "रूपा, सांग ना."

रूपाने पदर घट्ट ओढून घेतला.

सुगनबाईंचा मुलगा अभयकुमार सोफ्यावर बसला होता. डाळमिलचा मालक, आवाज कधी न चढवणारा माणूस. तो म्हणाला, "सिस्टर, दोन महिन्यांत आईची जखम चार सेंटिमीटरची सात झाली. पावडर, गोळी, सिरपं मिळून सहा प्रकारची ताकद आपण तिला देतोय. रक्तातलं प्रथिन वाढायचं सोडून घटतंय. मग सगळं जातं कुठे?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर समोर भिंतीला टेकलेलं आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. रूपाला त्याच पायी घालवलं, आणि तिला कामं देणाऱ्या एजन्सीलाही फोन गेला.

मी तिच्यामागे जिना उतरले. फाटकाशी ती थांबली.

"सिस्टर, मी चोर नही शे," ती म्हणाली. "पन माले काही इचारू नका."

आणि ती रिक्षाची वाट न बघता चालायला लागली.

२

माझं नाव पुष्पाबाई. धुळ्याला सरकारी नोकरीत तेहतीस वर्षं सिस्टर होते. रिटायर झाल्यावर जळगावात पिंप्राळ्याला लेकीजवळ राहायला आले. आता स्कूटीवर घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. वॉर्डातून दुधाच्या पिशव्या, चादरी, एकदा तर अख्खा पंखा नाहीसा झालेला मी शोधून काढला आहे. स्वतःच्या नजरेचा मला गर्व होता. होता असंच म्हणायला हवं.

सुगनबाई एकोणऐंशी वर्षांच्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पडून पडून माकडहाडावर जखम झाली. अशी जखम भरायला चार गोष्टी लागतात. दर दोन तासांनी कूस बदलणं, कोरडं अंथरूण, स्वच्छ ड्रेसिंग, आणि पोटात प्रथिन. पहिल्या तीन गोष्टी मी डोळ्यात तेल घालून बघत होते. हवेची गादी सुरू, कूस बदलल्याच्या खुणा तक्त्यावर रोजच्या रोज, पू नाही, वास नाही. तरी जखमेचा तळ पांढुरका आणि पाणचट. भरणारी जखम डाळिंबाच्या दाण्यांसारखी लाल दिसते. ही दिसत नव्हती. घर बांधायला गवंडी हजर आणि विटाच नाहीत, अशी तिची गत होती.

सुरुवातीला सुगनबाई काही घ्यायलाच तयार नव्हत्या. ओठ मिटून घ्यायच्या. "औषधं पुरे झाली. शरीर ओढूनताणून ठेवायचं नाही मला." डॉक्टर हरले, मुलगा हरला. मग मी पलंगावर बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अक्का, हे औषध नाहीच. हे अन्न आहे. घासच समजा." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पेल्याला तोंड लावलं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुमच्या जिभेवर साखर आहे. मी ते चारजणांना सांगितलं.

रूपा गेल्यावर मी एक साधा हिशेब मांडला. रूपा चोर असेल, तर ती गेल्यावर जखमेने वळण घ्यायला हवं. नसेल, तर या घरात दुसरं काहीतरी आहे, आणि ते सापडलं नाही तर सुगनबाई जातील. मी दर मंगळवारी जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड पेनाने उतरवून घेते. आठ दिवसांनी नवा कागद जुन्यावर ठेवला. नवी रेघ जुनीच्या बाहेर पडली होती.

जिना उतरण्याआधी मी श्रेयांसला गाठलं. हा अभयकुमारचा मुलगा, जिमचा शौकीन, आणि आजीची सगळी पावडर-औषधं आणायचं काम त्याच्याकडे. माल नकली असेल, तर तो याच्याच हातून आला होता.

"खरं सांग," मी म्हणाले. "स्वस्तात कुठून आणतोस का?"

त्याने आत जाऊन पिशवीभर पावत्या आणल्या. दुकान पिंप्राळ्यातलं, माझ्याच ओळखीचं. डब्यावरचा बॅच नंबर मी बघितला. त्याच बॅचची पावडर माझे दुसरे पेशंट गिरधरनाना घेत होते, आणि त्यांच्या टाचेची जखम बोटाच्या नखाएवढी उरली होती.

"आणि तू पीत नाहीस ना यातली?"

"मावशी, त्यात साखरच जास्त," तो म्हणाला आणि कपाटावरचा स्वतःच्या प्रोटीनचा काळा डबा दाखवला. मग आवाज खाली आणून बोलला, "एक विचारू? आजी जेवण नको म्हणते. पण ती सिरपं मात्र चमचा चाटूनपुसून घेते. माणूस उलटं करतो ना? औषध टाळतो आणि जेवतो?"

३

चेलनाताई स्वयंपाकघरात फुलके लाटत होत्या. सूर्य मावळायच्या आत या घरात जेवणं उरकतात, त्यामुळे साडेपाचलाच ओट्यावर गडबड होती. मी सरळ विचारलं, "वहिनी, अक्कांना ताट काय जातं?"

त्यांचं लाटणं थांबलं. "म्हणजे मी सासूला उपाशी ठेवते असं म्हणायचंय? माझ्या नणंदेनेही फोनवर तेच विचारलं."

"मी म्हणत नाही. मला ताट बघायचंय."

त्यांनी ताट वाढलं. पाण्याचा तांब्या, दूध, फुलका, डाळ, भाजी, भात, ताक. पडून असलेल्या म्हातारीला पुरून उरेल इतकं. हे रोज दोनदा जात होतं, स्वतःच्या हाताने वाढलेलं, आणि सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

"रूपा होती तोवर ताट रिकामं यायचं," त्या म्हणाल्या. "आता जसंच्या तसं परत येतं. आईंना तिचा लळा होता. ती गेली आणि आईंनी अन्न सोडलं. चोर होती तरी तिला परत आणू का, असं हे विचारतात. मी काय सांगू?"

"ताट रिकामं म्हणजे कसं रिकामं?"

"रिकामं म्हणजे रिकामं." मग त्या थबकल्या. "नाही, एक होतं. आमच्या आई जेवण झालं की थाळीत पाणी घालून ती धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. पण रूपाच्या वेळी थाळीवर डाळीची बोटं ओढलेली दिसायची. मला वाटलं, पडल्या पडल्या कसं जमणार त्यांना."

सुगनबाईंचे दोन्ही हात उत्तम चालत होते. पेला त्या स्वतः धरायच्या. मी चेलनाताईंना हे बोलून दाखवलं नाही.

"आणखी काही बदललं?"

"दूध बंद केलं. पावडर दुधात नको, पाण्यात कालवा म्हणाल्या. डॉक्टरांनी ते लोहाचं सिरप लिहून दिलं ना, त्याच आठवड्यापासून. दूध जड होतं म्हणे."

मी आत गेले. सुगनबाई कुशीवर पडून होत्या. चेहऱ्याची हाडं वर आली होती, तरी डोळे शांत. संध्याकाळचा पावडरीचा पेला त्यांनी संपवला, आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. हे मी रोज बघत होते. जप करतात, असं मी धरून चालले होते. माझे वडील असाच जप करायचे, चार बोटांची बारा पेरं फिरून अंगठा पुन्हा पहिल्यावर.

सुगनबाईंचा अंगठा सातव्या पेरापाशी थांबला. त्यांनी मूठ मिटली आणि डोळे मिटले. मी दुसऱ्या दिवशीही बघितलं, तिसऱ्या दिवशीही. सात, आणि मूठ बंद.

कोणता जप सातावर संपतो?

४

नशिराबादला रूपाचं घर शोधायला वेळ लागला नाही. "ती का, म्हातारीचं खाणारी?" असं म्हणून एका बाईने बोट दाखवलं. बातमी माझ्याआधी पोचली होती. रूपा दारात तांदूळ निवडत बसली होती. आठ-दहा दिवसांत चेहरा उतरला होता. एजन्सीने नाव काढून टाकलं होतं.

मी जमिनीवर बसले. माझंही गाव धुळ्याकडचं, म्हणून तिच्याशी मी घरच्याच बोलीत बोलते.

"रूपा, ताट कोन खाये?" मी विचारलं.

ती सूप हलवत राहिली.

"अक्का मराले टेकी गयी वं. आते तरी सांग."

सूप थांबलं. "माले मना पोरनी आण घालेल शे," ती म्हणाली. "मयुरीना डोकावर हात ठेवाले लावा आजीनी. दिवाळीले लई गयथू ना तिले, तवय."

मग ती रडायला लागली आणि रडता रडताच बोलली. "पहिले ताक दिधं माले. मंग भात. मंग भाजी. आजी म्हने, बेटा, मनं पोट भरेल शे, तू खाय. उष्टं नही शे. टाकं ते पाप लागी. एकेक करीसन बठ्ठं ताट मनाकडे उनं. माले भूक राहे, सिस्टर. घरमा मयुरीले वाढीसन काही उरे नही. मी खादं."

"आन पावडर?"

"पावडरले मी हात नही लावा. ती आजी सोता पेये. डबामा वल लागीसन गोठी गयेल व्हती, ती टाकाले जीव नही व्हयना, म्हनीसन घर लई चालनू व्हतू."

"एकेक करीसन म्हनजे कवय? काही याद शे?"

रूपाने डोळे पुसले. मग तिने क्रम लावून सांगितलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा तीन गोष्टी एकदम लिहून दिल्या, पावडर, संत्र्याच्या चवीची व्हिटॅमिन सीची गोळी आणि झिंकचं सिरप. त्या आठवड्यात ताक, भात आणि भाजी गेली. जखम वाढली म्हणून लिंबाच्या चवीची अमिनो ॲसिडची पाकिटं सुरू झाली. डाळ गेली. टॉनिक आलं, फुलका गेला. शेवटी लोहाचं सिरप आलं, आणि दूध गेलं.

मी बोटांवर मोजलं. ताटातल्या गोष्टी सात होत्या. सहा आल्या, सहा गेल्या. उरलं ते पाणी.

५

जैन घरांमध्ये मी बरीच कामं केली आहेत. सूर्यास्तानंतर न जेवणं, कंदमुळं न खाणं मला माहीत होतं. हे मात्र माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

खोलीचं दार मी आतून लोटून घेतलं आणि पलंगाशेजारी स्टूल ओढलं.

"अक्का," मी म्हणाले, "तुमचा नियम सातचा आहे ना?"

सुगनबाईंनी डोळे उघडले. चोरी पकडल्यासारख्या त्या दिसल्या नाहीत. जरा हसल्यासारखं केलं.

"बावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दिवसाला सात द्रव्यं. सात प्रकार पोटात जातील, आठवा नाही. पाणीसुद्धा एक धरायचं. महासतीजींकडून, आमच्या साध्वींकडून घेतला, जन्मभरासाठी. घरात सांगितला नाही. तप गाजवायचं नसतं, सिस्टरजी."

"पण अक्का, ही पावडर, ही सिरपं…"

"ती पण मोजली. प्रत्येकाची चव वेगळी, प्रत्येक वेगळं द्रव्य."

"ती औषधं आहेत. औषध मोजत नसतील."

"औषध मी मोजत नव्हतेच. रक्तदाबाची गोळी मी कधी मोजली नाही." त्यांचा आवाज अगदी हळू होता, पण शब्द चुकत नव्हता. "पण हे औषध नाही, अन्न आहे, घासच समजा, असं तुम्ही म्हणाला होता. इथेच बसून. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून मी मानलं."

एवढ्या वर्षांत शेकडो पेशंटना मी ते वाक्य ऐकवलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या म्हातारीने ते वाक्य पाळलं होतं, एवढंच.

"मग जेवण ठेवून पावडर सोडायची होती, अक्का."

"श्रेयांसने किती धावपळ केली त्या डब्यांसाठी. डॉक्टर म्हणाले, यातलं एकही चुकवायचं नाही. फुलका-डाळ चुकवू नका असं कुणी म्हणालं नाही." त्यांनी उशी सारखी केली. "आणि ती पोरगी भुकेली होती. ताट तिच्या पोटात जायचं, बरं वाटायचं. पहिले आठ दिवस फार भूक लागली. मग पोट विसरतं."

मी त्यांचा हात धरला. "अक्का, माझं चुकलं. ते औषधच आहे. आता मोजू नका. आज डाळ खा."

सुगनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तेव्हा म्हणालात अन्न. आता म्हणता औषध," त्या म्हणाल्या. "मी कोणतं धरू?"

मी बाहेर येऊन अभयकुमारला सगळं सांगितलं, माझ्या वाक्यासकट. डाळमिलचा मालक, रोज पोत्यांनी डाळ भरडणारा, आणि आई आतल्या खोलीत डाळीवाचून वाळत होती. तो एवढंच म्हणाला, "डॉक्टर काय म्हणतात?"

डॉक्टरांना मी फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, पूरक आहार जेवणाऱ्याला पूरक असतो. मुख्य पेपर कोरा ठेवून पुरवण्या किती जोडल्या तरी काय उपयोग. आणि मग म्हणाले, आठ दिवसांत खायला लागल्या तर काही सांगता येईल.

६

नियम ज्यांनी दिला त्या महासतीजी पायी विहार करत शिरपूरकडून धुळ्यात आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे निघणार होत्या. त्या फोन वापरत नाहीत. श्रेयांसने गाडी काढली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. ज्या धुळ्यात मी तेहतीस वर्षं ताठ मानेने फिरले, तिथे मी मान खाली घालून उतरले.

साध्वी उतरतात त्या जैन स्थानकात त्या पाटावर बसल्या होत्या, सत्तरीच्या, तोंडावर पांढऱ्या कापडाची मुहपत्ती. श्रेयांसने वंदन केलं आणि सगळं सांगितलं. मी तोंडापुढे रुमाल धरून माझा भाग सांगितला. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"औषधाची सूट नियमातच असते," त्या शेवटी म्हणाल्या. "आगार म्हणतात त्याला. दुखणं बरं व्हायला जे दिलं ते औषध, मग चव कशीही असो. सुगनबाईंना सांगा, त्यांचा नियम मोडलेला नाही आणि मोडणारही नाही. सातही द्रव्यं ताटातली घ्यायची. त्यांनी मला आधी निरोप का पाठवला नाही?"

"कुणाला माहीतच नव्हतं," श्रेयांस म्हणाला.

"त्या जेवायच्या तेव्हा जवळ कोण बसायचं?"

श्रेयांस माझ्याकडे बघायला लागला. मी रोज जायचे, जखम बघायचे, कड मोजायचे, निघायचे. चेलनाताई ताट वाढायच्या. तो औषधं आणायचा. अभयकुमार रात्री येऊन पाया पडायचा. जवळ बसायची ती एकटी रूपा, आणि तिला आम्ही घालवलं होतं.

महासतीजींनी उत्तराची वाट बघितली नाही. "लवकर निघा," त्या म्हणाल्या. "सूर्यास्ताच्या आत पोचा, म्हणजे आजच घेतील."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन गच्चीच्या कठड्यावर होतं. श्रेयांसने आजीच्या कानाशी वाकून निरोप शब्दाला शब्द सांगितला. सुगनबाईंनी हात जोडले. चेलनाताईंनी डाळ आणली आणि स्वतः चमच्याने भरवली. अर्धी वाटी गेली.

"मीठ कमी आहे," सुगनबाई म्हणाल्या. चेलनाताई हसल्या आणि हसता हसता बाहेर निघून गेल्या.

तीन दिवस त्या जेवल्या. फुलका, डाळ, दूध. चौथ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा अंग तापलं होतं, श्वास भराभर चालला होता, आणि जखमेच्या कडेला काळसर पट्टा उतरला होता. आत विष पसरलं होतं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिक आपलं काम करतंय, पण शरीरात लढायला काही उरलेलंच नाही, सिस्टर. हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. नवव्या दिवशी सुगनबाई गेल्या.

७

उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, मोठी गर्दी होती. बोलणाऱ्यांनी सुगनबाईंच्या तपाचं कौतुक केलं. बावीस वर्षं कुणाला न सांगता नियम पाळला, शेवटच्या आजारातही ढळल्या नाहीत. ते खरंच होतं. अभयकुमारने माझ्या सेवेचाही उल्लेख केला. मी शेवटच्या रांगेत होते, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पण माणूस सरळ होता. रूपाचं काय, असं मी विचारायच्या आत त्याने मिलच्या छापील कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं. रूपाने आमच्या घरी कोणतीही चोरी केलेली नाही, तिच्यावरचा आळ आमच्या गैरसमजातून आला, आम्ही तिची माफी मागतो. खाली त्याची सही, चेलनाताईंची सही. एजन्सीलाही त्याने फोन केला. ते तिला सोमवारपासून घ्यायला तयार झाले, धरणगावच्या एका म्हातारीसाठी.

मी दुपारीच नशिराबादला गेले. निदान एक गोष्ट तरी निस्तरली, असं मनाला सांगत गेले. जाताना त्या बोट दाखवणाऱ्या बाईच्या दारात थांबून तिला कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "हो का?" आणि आत गेली.

रूपा ओसरीत बसली होती. ती इतकी वाळली होती की मी क्षणभर ओळखलं नाही. कागद मी तिला वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा वाचला. सोमवारचं काम सांगितलं.

"आते तुले कोनी चोर म्हनाव नही," मी म्हणाले.

ती कागदाकडे बघत होती. हात पुढे आला नाही.

"चूक मनी शे, रूपा," मी म्हणाले. "मी बोलनू ते अक्कानी धरं. तुनी काहीच चूक नही."

"तुमले मालूम नव्हतं, सिस्टर," रूपा म्हणाली. तिच्या आवाजात रडणंसुद्धा नव्हतं. "माले मालूम व्हतं. रोज आंग पुसाले मीच राहू. बरगड्या दिसेत माले. मोजता येत इतल्या दिसेत. तरी ताट उनं का मी जेवाले बठू. डाळ गोड लागे. आजी मनाकडे देखे आन इचारे, आनखी लेस का, बेटा?"

मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो उचलून माझ्या हातात परत दिला.

आतून मयुरीने हाक मारली. तिने दोन ताटं वाढली होती. एकात भाकरी कुस्करून ठेवली होती, लहान मुलाला भरवायची असते तशी. ती दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तरी सांगा ना मना मायले. आठ दिन व्हयनात, आजीले दवाखानामा नेलं तवयपासून ती घासच उचलत नही."

मी रूपाकडे वळले. तोंड उघडलं, पण तिला काय म्हणून खायला सांगायचं, ते मला ठरवता आलं नाही.